आचंद्रार्क चालावं म्हणून

ड्युरेबिलिटी, परमनन्स, परपेच्युइटी. या इंग्रजी शब्दांना मराठीत काय म्हणायचं असं विचारलं, की आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. टिकाऊ, पक्का, कायम, अढळ, अक्षय, चिरंतन, शाश्वत, सनातन. कोशात हे सगळे शेजारी बसलेले दिसतात, पण बोलताना आपण एकाच्या जागी दुसरा ठेवत नाही. सतरंजी टिकाऊ असते, शाश्वत नसते. ध्रुवपद अढळ असतं. वाडा चिरेबंदी असतो, नोकरी कायम होते. वस्तू, माणूस, पद, तत्त्व, प्रत्येकासाठी आपला कान वेगळा शब्द निवडतो.

आज मला यातल्या तिसऱ्या शब्दाबद्दल, परपेच्युइटीबद्दल बोलायचं आहे. देणारा मेला, राज्य बदललं, तरी दिलेलं चालू राहावं अशी लेखी तजवीज, हा त्याचा कायद्यातला अर्थ. ही तजवीज करण्याची आपल्या मुलखातली धडपड जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे, आणि तिचे कागद नसले तरी दगड शिल्लक आहेत.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक प्राकृत लेख आहे. इथला शक राज्यकर्ता क्षत्रप नहपान, त्याचा जावई उषवदात याचा. त्याने लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत ‘अक्षयनीवी’, म्हणजे कधी न मोडायची ठेव दिली: तीन हजार कार्षापणं, त्या काळची नाणी. ही रक्कम त्याने भिक्षूंच्या हातात ठेवली नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-मंडळाकडे, दोन हजार ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. आणि स्पष्ट लिहिलं, की मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज भोगायचं.

आता हिशेब करून पाहा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेखात म्हटलं आहे, की वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापणही इकडेतिकडे नाही. मला हा लेख फार मोलाचा वाटतो तो यासाठी. ‘अक्षय’ हा शब्द इथे स्तुतीसाठी आलेला नाही, त्याच्यामागे व्याजाचा दर आहे, पैसे सांभाळणारी श्रेणी आहे, आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवून दप्तरी नोंदवल्याचा उल्लेखही आहे. अक्षय राहायचं तर कोणी, कशातून, किती द्यायचं, हे दात्याला पुरतं ठाऊक होतं.

तरीही राज्य बदललंच. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. तिसऱ्या लेण्यात त्याची दोन आज्ञापत्रं कोरलेली आहेत. अठराव्या राज्यवर्षी तो कखडी गावातलं, पूर्वी उषवदाताकडे असलेलं शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या, भिक्षूंना देतो. राजाच्या माणसांनी त्यात शिरू नये, हात लावू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलतींसकट. चोविसाव्या वर्षी त्याच कामासाठी दुसरी आज्ञा काढावी लागते. कखडीचं शेत कोणी कसत नाही, गावात वस्ती उरलेली नाही. म्हणून नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातून शंभर निवर्तनं (जमीन मोजण्याचं जुनं माप) जमीन द्यावी. दगडावरची अक्षरं अजून वाचता येतात, पण दान सहा वर्षांत ओस पडलं होतं. कसणारा गेला की दान गेलं. ते पुन्हा उभं राहिलं, कारण कोणीतरी गाऱ्हाणं नेलं असणार आणि राजाने ते ऐकलं.

पुढच्या काळात याच काळजीतून ‘आचंद्रार्क’ हा शब्द दानपत्रांत स्थिरावला. चंद्रसूर्य असेतोवर. कोकणात शिलाहार राजांच्या काळातले गधेगाळ, म्हणजे दानाचे कोरीव दगड, तुम्ही पाहिले असतील. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली दान मोडणाऱ्याला शिवी. ती शिवी चित्रातही असते, आणि ती मोडणाऱ्याच्या आईवर असते. दानाच्या कायमपणासाठी बाईची विटंबना दगडात कोरली गेली, हे आपण जपून झाकायचं काही कारण नाही.

मराठेशाहीच्या सनदांत शाप मागे पडतो आणि कारकुनी पुढे येते. इनाम पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने चालवणे. प्रतिवर्षी नवीन पत्राचा आक्षेप न करणे. या पत्राची प्रत लिहून घेऊन असल पत्र भोगवटियास परत देणे. मला यातलं ‘चालवणे’ हे क्रियापद सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इनाम नुसतं असत नाही, ते चालवावं लागतं. दरसाल नवा कागद मागणारा अंमलदार समोर येणार, हे माहीत असलेल्या माणसाने ते कलम लिहिलं आहे.

पण वंशपरंपरेने जमीन जशी येते तसं ओझंही येतं. महार वतन हे त्याचं उदाहरण. थोडीशी जमीन आणि बलुतं, आणि त्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री सरकारी हुकमाला धावणं, बाप गेला की मुलाने, मुलगा गेला की नातवाने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते या बांधणीतून माणसं सोडवण्यासाठी. गावकीची कनिष्ठ वतनं रद्द व्हायला 1958 चा कायदा यावा लागला. ज्यांच्यासाठी वतन म्हणजे मान होता त्यांना त्याचा कायमपणा हवा होता. ज्यांच्यासाठी ती वेठ होती त्यांना तो मोडायचा होता. म्हणून कुठलीही गोष्ट कायम करताना ती कोणाच्या खांद्यावर कायम होते आहे, हे मी आधी विचारतो.

तुमच्यात शिक्षक बरेच दिसतात, त्यांना पुढचं सांगायला नको. ‘कायम विनाअनुदानित’ ही महाराष्ट्राच्या शासनाने घडवलेली संज्ञा. अनुदान नाही, आणि कधीच मिळणार नाही, हे कायम. 2009 साली शाळांच्या बाबतीत त्यातला ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला. शब्द गेला, पण पगार त्याच्यामागोमाग आला नाही. मूल्यांकन, याद्या, त्रुटी, मग वीस टक्के, मग चाळीस, असा टप्पा अनुदानाचा रस्ता निघाला, आणि त्या रस्त्यावर आझाद मैदानातली किती आंदोलनं झाली ते तुम्ही जाणता. उषवदाताच्या लेखात वीस भिक्षूंच्या चीवराचा पैसा कोणत्या श्रेणीच्या व्याजातून येणार, हे लिहिलेलं होतं. शब्द वगळणाऱ्या त्या निर्णयासोबत पगाराच्या पैशाची तेवढीच ठाम तरतूद व्हायला हवी होती, आणि ती अजूनही मागायला हवी.