मूठ आवळा, आता सोडा

या मुठीकडे बघा. नुसतं बघू नका, तुम्हीपण आवळा, पाचेक सेकंद धरून ठेवा... कोपरापर्यंत ओढ लागली ना? आता सोडून द्या. बोटं अर्धवट उघडी पडतील, सरळ करत बसू नका, पडू दे तशीच. हाताला आत्ता जे जड जड, ऊबदार वाटतंय ना, तेच ओळखायला शिकायचंय.

टेन्शन घेऊ नकोस असं दिवसातून दहा जण सांगतात, पण घेतलेलं टेन्शन सोडायचं कसं ते कोणी सांगत नाही. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी जन्मभर यावरच काम केलं, १९२९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं, अंग खरोखर सैल सुटलं की मनाची घालमेल टिकत नाही. पण अडचण अशी की आपलं अंग ताठलंय हेच आपल्याला कळत नाही, म्हणून आधी मुद्दाम आवळायचं आणि मग सोडायचं, हात, कपाळ, जबडा, खांदे, पोट, पाय, एकेक करत.

आपल्याकडे शवासन होतंच. १९६९ मध्ये मुंबईचे डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लडप्रेशरच्या पेशंटना ते शिकवून बघितलं आणि बऱ्याच जणांचं बीपी उतरलं.

ही माझी आई. रात्री झोपेत दात खायची, कराकरा आवाज यायचा, सकाळी जबडा इतका दुखायचा की भाकरी चावता यायची नाही, आणि दिवसभर छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल. शेवटी कौन्सेलरने हे व्यायाम शिकवले आणि पहिल्या आठवड्यात आई वैतागली, म्हणाली डोळे मिटले की जास्तच जीव घाबरा होतो गं. असं काहींना होतं, खरंच होतं, त्यात तुमचं काही चुकत नाही, डोळे उघडे ठेवून बसल्या बसल्या करा. आणि गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका, प्लीज.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८७ मध्ये एक पद्धत मांडली ती मला सगळ्यात आवडते. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं लागतात, मग आवळणं गाळून फक्त सोडायचं, मग श्वास सोडताना मनात एक शब्द म्हणायचा, असं कमी करत करत वीस-तीस सेकंदांवर यायचं. म्हणजे घाबरायला सुरुवात होतेय असं वाटलं की तिथल्या तिथे, बसमध्ये, लाइनीत, कुठेही. पण त्यासाठी घरी, बरं वाटत असताना, रोज करावं लागतं. धडधड सुरू झाल्यावर पहिल्यांदा करून बघाल तर हाती काही लागणार नाही.

आता आईकडे बघा. दवाखान्याच्या बाकावर बसलीये, रिपोर्ट यायचाय, खांदे पार कानाला लागलेत. तिचं तिलाच कळलं. लांब श्वास सोडला... खांदे उतरले, दात सुटे झाले, पर्सवरची बोटं उघडली. आतून टोकन नंबर पुकारला, आणि ती उठली.