नांगराच्या आधीचं जेवण

मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'घरच्या घरी पॅलिओ स्वयंपाक', वेळ चाळीस मिनिटं, आणि त्यातली बरीचशी प्रास्ताविक आणि शाल-नारळातच गेली. तक्रार नाही हो, नारळ माझ्या कामाचाच आहे. पॅलिओत चालतो.

पॅलिओ म्हणजे काय हे इथे बहुतेकांना माहितीये, नसेल तर घरातल्या कुणीतरी जिमवरून आल्यावर ऐकवलंच असेल, म्हणून पटकन सांगते. शेती सुरू व्हायच्या आधी, म्हणजे साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंत, माणूस शिकार करून, वेचून, खणून जे खात होता तेच खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद, बदाम-अक्रोड. धान्य बंद, डाळी-कडधान्यं बंद, दूधदुभतं बंद, साखर बंद, रिफाइंड तेलं बंद. आणि भुईमूग शेंगेतला, कडधान्याच्याच घरातला, त्यामुळे दाण्याचं कूटपण बंद. हां, आला बघा तो 'अरे देवा'! पोळी सोडायला माणसं तयार होतात, कुटाचं नाव काढलं की हॉल हलतो.

ही कल्पना गाजली १९८५ पासून. अमेरिकेत ईटन नावाचे एक रेडिओलॉजिस्ट आणि कॉनर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ, दोघांनी मिळून 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लेख लिहिला की आपलं शरीर अजून जुन्याच खाण्याला सरावलेलं आहे आणि ताटात मात्र भलतंच पडतंय. मुद्दा विचार करण्यासारखा होता. पुढे त्याचं जे दुकान झालं ते मात्र बघवत नाही, आणि माझं दुखणं नेमकं तिथे आहे.

गेल्या वर्षी माझा भाचा गणपतीला आमच्याकडे आला. आयटीतला मुलगा, दिवसभर खुर्चीत, पोट सुटलेलं, डॉक्टरांनी शुगर काठावर आहे म्हणून सांगितलेलं, मग कुठल्यातरी ट्रेनरकडून पैसे भरून पीडीएफ घेतलेली. ती त्याने मला आधीच व्हॉट्सअॅपवर पाठवली, 'मावशी, मी हे खातो, तुला त्रास नको म्हणून आधीच कळवतोय'. त्रास नको! त्यात काय होतं तर अॅव्होकॅडो, केल, ब्लूबेरी, सालमन, आणि बदामाच्या पिठाची भाकरी. बदामाच्या पिठाची! मी ती करून बघितली, नाही असं नाही. त्या पिठाला चिकटपणा नाही, थापायला गेलं की कडेनं फुटतं, तव्यावर टाकताना मधोमध मोडतं, आणि भाव बघितला तर तेवढ्यात चांगला हलवा मासा आला असता. आणि मला एक सांगा, ज्या आदिमानवाचं नाव घेऊन हे चाललंय, त्याने एवढे बदाम फोडून, सोलून, दळून, चाळून भाकरी थापली असती का? तो बदाम तोंडात टाकून पुढे गेला असता. पॅलिओ ब्राउनी, पॅलिओ पिझ्झा बेस, पॅलिओ कुकी, पाकिटावर गुहेचं चित्र. असो.

तर चतुर्थीच्या दिवशी ताट वाढलं. मोदकात तांदूळ आणि गूळ, बाद. वरण-भात, बाद. कोशिंबिरीत दही आणि कूट, दोनदा बाद. अळूच्या फतफत्यात हरभऱ्याची डाळ आणि दाणे. भजीत बेसन. आमचे हे म्हणाले, 'अरे, मीठ तरी चालतं का?' तर कडक पॅलिओत मीठसुद्धा वरून घालत नाहीत, हे त्याने पीडीएफमध्ये काढून दाखवलं. शेवटी पोराने काकडी आणि ओलं खोबरं खाल्लं, वर डब्यातले बदाम. सणाच्या दिवशी पाहुण्याच्या ताटात काकडी, मला तर डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. इथे बायका हसायला लागल्या, कारण त्यांना कळलंय मी कुठे चाललेय, पुरुष मंडळींसाठी सांगते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या जमिनीतलं चालत नाही, परसातलं, हाताने खणून लावलेलं, आपोआप उगवलेलं, तेवढंच. भात खायचाच तर देवभात, तोही बिननांगरटीचा. आणि त्या दिवशी जी ऋषीची भाजी होते त्यात सुरण, अळूची पानं आणि देठ, लाल माठ, भोपळा, पडवळ, शिराळं, भेंडी, रताळं, कच्चं केळं, अंबाडे. डाळ नाही, कूट नाही, फोडणी नाही, मसाला नाही. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या वर्षातून एक दिवस शेतीच्या आधीचं जेवण रांधत होत्या आणि त्यांना कुणी पीडीएफ विकली नव्हती!

हां, त्यात आपण मक्याचं कणीस घालतो, मका धान्य आहे आणि तो अमेरिकेतून आलाय, मिरचीही तिकडचीच, त्यामुळे पुराव्याने भांडायला कुणी उभं राहू नका, मला माहितीये. भाच्याच्या भाजीतून मी कणीस काढलं. त्याने दोनदा मागून घेतली आणि विचारलं, 'मावशी, ही रेसिपी कुठली?'

ती करायची कशी तेवढं नीट ऐका. सुरण चिरताना हाताला तेल लावा, साल जाड काढा, फोडी चिंचेच्या पाण्यात टाका. सुरणात आणि अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खवखवतो तो त्यांनी, म्हणूनच या भाजीला चिंच किंवा अंबाडे हवेतच. अळूच्या देठाचे दोर ओढून काढायचे. जाड बुडाच्या पातेल्यात तळाला सुरण आणि देठ, त्यावर भोपळा, केळं, रताळं, मग पडवळ-शिराळं, सगळ्यात वर पालेभाजी. मिरचीचे तुकडे, मीठ, चिंचेचा कोळ, पाणी अगदी थोडं, कारण शिराळं आणि माठ स्वतःचं पाणी सोडतात. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजू द्या, शेवटी मूठभर ओलं खोबरं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. पाच? मुख्य विषय तर राहिलाच की. बरं, भराभर सांगते.

एक, आदिमानव नुसता मांसच खायचा हे डोक्यातून काढा. नेवाशाला, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथेच प्रवरेच्या काठी पुरातत्त्वज्ञ सांकलियांना अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली. दगड टिकतो, हाड टिकतं, पाला आणि कंद कुजून जातात, म्हणून चित्रात नेहमी भालाच दिसतो, खणायची काठी दिसत नाही. आणि जॉर्डनमध्ये एका चुलीत रानटी धान्याच्या भाकरीचे जळके तुकडे मिळालेत, साधारण १४,४०० वर्षांपूर्वीचे, तिथली शेती सुरू व्हायच्या चारेक हजार वर्षं आधीचे. म्हणजे भाकरी शेतीपेक्षा जुनी निघाली. त्यामुळे डाळ-भाकरीला विष म्हणणाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही, नाचणीतून मिळणारं कॅल्शियम सोडायचं तर बदल्यात तीळ, काट्यासकट खायचे छोटे मासे, पालेभाज्या ठेवाव्या लागतात, हे पीडीएफ सांगत नाही.

दोन, फायदा होतो तो कशाने? माझ्या मते साखर, मैदा, बिस्किटं, फरसाण घरातून गेल्याने आणि रोज स्वतः रांधल्याने. ज्यांना करायचंय त्यांनी बाजारातलंच घ्या. बांगड्याचं तिखलं तिरफळ-आमसूल घालून, ओल्या बोंबलाचं कालवण, अंडी, पालेभाज्या खोबरेल तेलावर लसूण घालून, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटुली, शेवळं काकडं घालून. सोलकढीत तर नारळाचं दूध, कोकम, लसूण, मिरची, एवढंच, पूर्ण पॅलिओ, आणि आपण ती उगाच मटणाबरोबरची हौस समजतो.

तीन, शाकाहारी मंडळींनी हे पूर्ण करू नका, डाळही नाही आणि दूधही नाही तर प्रोटीन आणायचं कुठून, दिवसभर बदाम चघळणार का. आणि डायबिटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-पोळी एकदम बंद केल्यावर शुगर धाडकन खाली जाऊ शकते, डॉक्टरांशी बोलून डोस ठरवा. किडनीचा त्रास असेल तर मांस-अंडी वाढवायच्या आधी विचाराच.

काय म्हणालात काकू? तूप? कडक नियमाने नाही चालत, दूधदुभत्यात येतं. मी ऋषीच्या भाजीवर घेते, चमचाभर. भाच्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.