जिल्ह्याचा आराखडा कोणी करायचा?

मंडळी, कराडात बोलायचं म्हणजे सुरुवात यशवंतरावांपासूनच व्हायला हवी. ते मुख्यमंत्री असताना पंचायत राज कसं असावं हे सुचवणाऱ्या वसंतराव नाईक समितीचा अहवाल आला आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या समितीनं एक फार विचारपूर्वक गोष्ट केली होती. कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं होतं. कारभार निवडून आलेल्यांनी करायचा, हा त्यामागचा हेतू.

पुढे ७४व्या घटनादुरुस्तीनं जिल्ह्याचा विकास आराखडा करायला जिल्हा नियोजन समिती सांगितली, आणि १९९८ला राज्यानं त्या समितीचा कायदा केला. समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे. वाचायला उत्तम. पण अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव कलेक्टर! ज्यांना १९६२ला बाहेर ठेवलं, त्यांच्याच टेबलावर आज जिल्ह्याचा आराखडा तयार होतो. मार्च २०२२मध्ये सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ निवडून आलेल्या सदस्यांऐवजी सरकारनं नेमलेले प्रशासकच होते. मग ते चार पंचमांश आणायचे कुठून? मला हे मनापासून लागतं.

आपल्या जिल्ह्याकडंच बघा. महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माणमध्ये ५०० पडला तरी साल बरं गेलं म्हणतात. पण योजनांचे निकष मुंबईत ठरतात आणि दोन्हीकडं तेच लागू होतात.

माणमधले एक सरपंच माझ्या ओळखीचे. त्यांच्या ओढ्यावरचा सिमेंट बंधारा एका कडेनं गळत होता. ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, फोटो, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन ते कचेरीत गेले. मी सोबत होतो. उत्तर मिळालं, "दुरुस्तीला लेखाशीर्ष नाही, म्हणजे खर्च टाकायला खातंच नाही. नवा बंधारा मागा." आता ओढा एकच, नवा बांधायचा कुठं? त्याच वर्षी मार्चएंडला निधी संपवायचा म्हणून गावाला हायमास्ट दिवा मिळाला. तो कोणी मागितला नव्हता.

म्हणून माझं मागणं आहे की, जिल्हा नियोजनातला ठरावीक हिस्सा अबंधित म्हणून, म्हणजे कशावर खर्चायचा याची अट न घालता, थेट पंचायत समित्यांना द्या. दुरुस्ती करायची की नवं बांधायचं, हे तालुक्याला ठरवू द्या. पुढारी पैसे वाटून घेतील, असं लोक म्हणतात. ती भीती खरी आहे, मी नाकारत नाही. पण तालुक्यात कोणी काय नेलं हे चार दिवसांत बाजारापर्यंत पोचतं, आणि जाब विचारायला एसटीनं साताऱ्याला जावं लागत नाही. कामांची यादी मंजुरीआधी, जानेवारीतच, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

त्या सरपंचांनी शेवटी लोकवर्गणी काढली. गवंडी गावातलाच होता. दोन दिवसांत गळती बंद झाली आणि त्या हिवाळ्यात बंधाऱ्याखालच्या विहिरींवर ज्वारीला दोन पाणी जास्त मिळाली.