आय फॉर इग्लू

(दृश्य : पांढरं सपाट मैदान. फक्त वाऱ्याचा आवाज.)

इंग्रजी मुळाक्षरांच्या तक्त्यावर 'आय'च्या चौकटीत इग्लू दिसतो, आणि उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातली इन्युइट माणसं बर्फाच्या घरात राहतात हे आपल्या डोक्यात कायमचं बसतं. त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत 'इग्लू' म्हणजे कुठलंही घर. लाकडाचं असो, मातीचं असो, नाहीतर बर्फाचं.

बर्फाची घरं बांधली जायची ती मुख्यतः कॅनडाच्या मध्य आर्क्टिकमध्ये आणि ग्रीनलंडच्या वायव्य टोकाला, तीही हिवाळ्यात. अलास्कात समुद्राने वाहून आणलेले ओंडके आणि वर गवताळ मातीची ढेकळं. झाडच उगवत नाही तिथे देवमाशाच्या बरगड्यांचे वासे. उन्हाळ्यात सगळीकडे कातड्याचे तंबू.

(दृश्य : लांब सुरा, बर्फाचा ठोकळा.)

इग्लूला हवा वाऱ्याने दाबून घट्ट केलेला बर्फ. ताजा भुसभुशीत हातातच विस्कटतो. बांधणारा मधोमध उभा राहतो, पायाखालचेच ठोकळे कापतो आणि स्वतःभोवती रचतो. पहिला थर उतरता तासलेला असतो, म्हणून रांग न तुटता गोल गोल वर चढते. शेवटचा ठोकळा बसतो तेव्हा गडी आतच! मग खालून दार कापायचं. दार खाली, झोपायचा ओटा वर. जड गार हवा खालीच पडून राहते.

(दृश्य : अंधारात ज्योतींची ओळ.)

पण घर चालायचं ते कुल्लिकवर. मऊ दगडात कोरलेला अर्धचंद्राकार दिवा, सीलचं तेल, शेवाळ आणि रानकापसाची वात. याच्यावरच अन्न शिजायचं, बर्फाचं पाणी व्हायचं, ओले हातमोजे वाळायचे. तो सांभाळायची घरची बाई, बारीक काडीने वात सारखी करत.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, जहाज.)

१९५३ साली कॅनडा सरकारने क्वेबेक प्रांताच्या उत्तरेकडच्या इनुकजुआक गावची काही इन्युइट कुटुंबं जहाजाने सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्रीस फियर्ड या ठिकाणी नेऊन सोडली. शिकार भरपूर मिळेल असं सांगून. बर्फातली माणसं बर्फात कुठेही राहतील, असाच तो हिशोब दिसतो. इनुकजुआकला ऐन हिवाळ्यातही रोज सूर्य उगवायचा. ग्रीस फियर्डला तीन महिन्यांहून जास्त उगवतच नाही. ही कुटुंबं उतरली, तंबू ठोकले, आणि थोड्याच आठवड्यांत अंधार पडला.

सरकारची माफी यायला २०१० उजाडलं.