टेकडीपलीकडचा शत्रू

टेबलावर निळ्या फोमचा एक जाड तुकडा ठेवलेला आहे. भिंतींतून उष्णता जाऊ नये म्हणून बांधकामात वापरतात, तोच हा दाट फोम. कटरने त्याच्या कडा तिरक्या कापल्या जातात, खडक दिसावेत म्हणून काही ठिकाणी त्या बोटांनी तोडल्या जातात, आणि टेबलावर लढाई खेळण्यासाठी, जेमतेम 28 मिलिमीटर उंचीच्या खेळण्यातल्या सैनिकांसाठी एक टेकडी उभी राहते.

छोट्या सैनिकांच्या या लढाया घरोघरी नेण्यात ब्रिटिश लेखक एच. जी. वेल्स यांचा वाटा मोठा आहे. त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचे पुस्तक 1913 साली प्रसिद्ध झाले. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून सुटलेली लाकडी गोळी त्यांच्या लढाईत सैनिकाला खरोखरच आडवे करीत असे, आणि रणभूमी उभारायला ज्ञानकोशाचे जाडजूड खंडही कामाला येत.

आता टेकडीला फेविकॉल लावून त्यावर बारीक वाळू भुरभुरली जाते. ती वाळली की गडद तपकिरी रंगाचा हात बसतो. इथे स्प्रे वापरण्याचा मोह आवरावा लागतो, कारण त्यातील द्रावक उघड्या फोमला अक्षरशः खातो. थर्माकोलचे मखर रंगवताना ज्यांचे हात पोळले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. यानंतरचे काम मात्र डोळे भरून पाहावे असे आहे. ब्रशला फिका राखाडी रंग लावून तो कापडावर जवळजवळ पूर्ण पुसून टाकतात आणि तो कोरडा ब्रश खडकांवरून हलकेच फिरवतात. रंग केवळ उंचवट्यांना लागतो, खाचांतला अंधार तसाच राहतो, आणि फोमचा तो तुकडा पाहता पाहता दगडाचा वाटू लागतो. झाडांखालच्या पाचोळ्यासाठी वापरून वाळवलेली चहापत्ती पुरते.

दिवाळीत अंगणात किल्ला करताना ज्यांनी चिखलात पोती बुडवली आहेत आणि बुरुजांखाली हळीव पेरून हिरवळ उगवली आहे, त्यांना हा आनंद नवा नाही. आपल्या किल्ल्यावर मावळे मांडले की देखावा पूर्ण होतो. या टेबलावर मात्र मांडणी झाल्यावर लढाई सुरू होते, आणि अनेकदा ती लढणारा खेळाडू एकटाच असतो.

अशा एकट्याच्या खेळावर ब्रिटिश लेखक डोनाल्ड फेदरस्टोन यांनी 1973 मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिले. या खेळातली खरी अडचण उघड आहे: दोन्ही सैन्ये एकाच माणसाच्या हातात असतील, तर शत्रूचा बेत त्याच्यापासून लपणार कसा? म्हणून शत्रूच्या जागी सैनिक न मांडता कोऱ्या चकत्या ठेवतात, आणि आपली तुकडी जिथून ती जागा पाहू शकेल तिथे पोहोचली, की फासा टाकून त्या चकतीखाली काय आहे ते ठरवतात. कोणती तुकडी आधी हलणार, हे पत्त्यांचा कॅट सांगतो: लाल पत्ता निघाला तर आपली, काळा निघाला तर शत्रूची.

या देखाव्याला निव्वळ सजावट म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. सपाट टेबलावर सगळेच सगळ्यांना दिसते आणि चकत्यांना काही अर्थ उरत नाही. टेकडी, कुंपण आणि झाडी नजर अडवतात, तेव्हाच एकट्या खेळाडूलाही पुढे काय आहे याची धास्ती वाटू शकते. जी टेकडी त्याने स्वतः कापली आणि रंगवली, तिच्याच पलीकडचे त्याला ठाऊक नसते.

लाल पत्ता निघतो. चार सैनिक उतारावरून वर सरकतात. खेळाडू मान खाली घालून, डोळा थेट त्यांच्या उंचीवर आणून पाहतो: पडक्या भिंतीमागची चकती आता दिसते आहे. तो फासा उचलतो. सहा पडतात, आणि चकतीच्या जागी तो एकेक करून शत्रूचे सहा बंदूकधारी मांडू लागतो.