आधी नळी, मग स्क्रू

या, पुढं या, बंदूक टेबलावर ठेवलीय, सगळ्यांना दिसली पाहिजे. मी इथं सोलापुरात पावरलूमवर जॉबर म्हणून आयुष्य काढलं, जाम नटबोल्ट सोडवणं रोजचंच, पण ही ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची, इंग्रजी एनफील्ड, १८५३ चं मॉडेल, जखडलेले स्क्रू सोडवायला आली तेव्हा पहिले दोन दिवस मी पान्ह्याला हात लावला नाही. आधी लायसनचे कागद बघितले, मग नळी. एक लाकडी गज तोंडाकडून आत सोडायचा, तोंडापाशी खूण करायची, तोच गज बाहेरून नळीवर धरून बघायचा. नळीच्या मागच्या टोकाला आट्यांनी बसवलेलं, टोपी चढवायचं पोकळ बोंड असतं, ते निपल; गज त्या निपलच्या दोन-तीन इंच अलीकडंच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनी पण पेटते बरं का! मग तेल नाही, उष्णता नाही, ठोकणं नाही, सरळ पोलिसांना कळवायचं.

ही नळी रिकामी निघाली. निपल मात्र घट्ट. का, तर घोडा आपटला की फुटणाऱ्या त्या काळच्या बारीक टोपीतला मसाला पेटला की पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे एक जातीचं मीठच, ते हवेतली ओल धरतं, आट्यांमध्ये गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, मग आटे जखडणारच की.

नळी दस्त्यापासून वेगळी करून मगच तेल, नाहीतर लाकूड तेल पितं, काळं पडतं, मऊ होतं. जे स्क्रू लाकडातूनच जातात तिथं सुईनं एकेक थेंब. मी अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं लाल ऑइल निम्मं-निम्मं घेतो, दोन्ही वेगळं होतं म्हणून दर वेळी बाटली हलवायची. सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायचा, पितळी ठोकणीनं हलकं टकटक करायचं, बस. अ‍ॅसिटोन पूर्ण उडाल्यावर हेअर ड्रायर, हाताला चटका बसेल एवढंच. गॅसची ज्वाळा कधीच नको, घोडा आणि लॉकचे, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रणेचे, भाग वरून कडक केलेले असतात, तो कडकपणाही जातो आणि रंगही जातो.

आता स्क्रू ड्रायव्हर. बाजारातला टोकाकडं निमुळता असतो, खाचेच्या वरच्या कडेलाच धरतो आणि निसटतो. पहिल्या बंदुकीत माझ्या हातून एक खाच अशीच उडाली, ती बघितली की आजही मन खट्टू होतं. तेव्हापासून प्रत्येक स्क्रूसाठी टोक कानशीनं सरळ घासून, खाचेच्या तळाला टेकेल, हलणार नाही असंच करतो. आणि आधी सोडवायला जाऊ नका, किंचित आवळा, मग उलटं.

आठव्या दिवशी, आवळतानाच, "कट्" असा बारीक आवाज आला आणि आट्यांच्या कडेनं तपकिरी तेल वर आलं. मी तिथंच थांबलो, परत थेंब टाकला, पाव आटा पुढं, पाव आटा मागं, अर्ध्या तासानं निपल हातात. ते, आणि नंतर काढलेला प्रत्येक स्क्रू, वेगळ्या काडेपेटीत नंबर टाकून ठेवला, कारण हाताने बसवलेला जुना स्क्रू शेजारच्या भोकात बसत नाही.