सडा ते खाडी: पऱ्याच्या काठानं हिरव्या वाटांचं जाळं

मंडळी, हिरव्या वाटेचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतो खाडीकाठचा पदपथ. पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, रंगीत दिवे. संध्याकाळी फिरायला तो बरा. पण आज आपण बोलणार आहोत जाळ्याबद्दल, म्हणजे पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठानं चालायच्या आणि पाण्यालाही वाट देणाऱ्या जोडवाटांबद्दल. कोकणात हे जाळं खाडीकाठी सुरू करून भागत नाही. त्याची सुरुवात सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर होते.

आपला पाणलोट छोटा आणि उभा असतो. वर जांभ्याचा सडा, त्याच्या कडेला झरे, खाली उतारावर वाड्या आणि आगरं (नारळ-पोफळीच्या बागा), मग भातखाचरं, खारबंदिस्ती म्हणजे खारं पाणी अडवणारे बांध, शेवटी कांदळवन (खारफुटी) आणि खाडी. चार-पाच किलोमीटरांत सगळं संपतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. रत्नागिरीत कुवारबाव, नाचणे या बाजूला वस्ती सड्यावर पसरली, तशी ती आता बहुतेक तालुक्यांच्या गावी पसरते आहे. सड्यावर मुरणारं पाणी काँक्रीटवरून थेट पऱ्यात येतं. मग दोन तक्रारी एकाच गावातून येतात: जुलैत घरात पाणी आणि एप्रिलमध्ये विहिरीला पाणी नाही. दोन्हीचं कारण एकच.

नकाशाचं काम आधी. 1:50,000 च्या टोपोशीटवर उंचीच्या रेषा 20 मीटरच्या अंतरानं असतात, त्यावर पऱ्याची वाट ठरत नाही. उपग्रहाचा फुकट मिळणारा 30 मीटरचा उंची-नकाशाही इथं फसवतो, कारण त्याची चूक काही मीटरची असते आणि खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीतला, सगळा खेळ अर्ध्या मीटरचा. निदान पऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात अर्धा मीटर अंतराच्या रेषा मोजून घ्या. भूमी अभिलेखाकडून गाव नकाशा आणा, त्यावर ओढे दाखवलेले असतात. सातबारावर ‘पोटखराबा’ बघा. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कारणासाठी बाजूला ठेवलेली जागा. हा तुकडा ज्या गटांत आहे तिथं अर्धं भांडण आधीच मिटतं. मग पाणलोट दोनदा चालून बघा: मे महिन्यात, कुठं ओल टिकते ते कळायला, आणि जुलैत, पाणी कुठून उडी मारतं ते कळायला. भिंतींवरच्या पुराच्या खुणा मोजा. चिपळुणात 22 जुलै 2021 च्या पुरानंतर अशा खुणा घराघरांत सापडत होत्या. रंगकाम झालं की त्या जातात.

आता आकडे. 200 हेक्टरचा पाणलोट घ्या. तासाला 60 मिमी पाऊस आपल्याकडे नवलाचा नाही. उतारावर झाडी आणि आगरं असतील तर पडलेल्या पाण्याचा साधारण 0.4 हिस्सा वाहून येतो. हे तिन्ही आकडे गुणा आणि 360 नं भागा: सेकंदाला 13 घनमीटर. त्याच उतारावर प्लॉट पडले, अंगणांत फरशा आल्या की हा हिस्सा 0.75 वर जातो आणि पाणी होतं 25 घनमीटर. पऱ्या तोच, पाऊस तोच.

हे पाणी रस्त्याखालून जातं कसं? 1200 मिमी व्यासाचा सिमेंटचा पाइप 1.13 चौरस मीटरचा. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगानं धावलं तर एका पाइपातून सव्वादोन घनमीटर जातं. म्हणजे 13 साठी सहा पाइप, 25 साठी अकरा. प्रत्यक्षात मोरीत दोन किंवा तीन असतात. त्यातला एक झावळ्या, थर्माकोल आणि पिशव्यांनी बुजलेला.

म्हणून जाळ्याचा पैसा पहिल्यांदा मोऱ्यांवर खर्च करा, असं माझं ठाम मत आहे. वाट तुटते ती रस्त्याशी. माणूस तिथं रस्ता ओलांडायला थांबतो, पाणी तिथं तुंबतं, आणि मासाही तिथंच अडतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे खाडीतून आणि खाचरांतून वर जातात. पाइपाचं खालचं तोंड पात्रापेक्षा फूटभर उंच ठेवलेलं असतं. धार पडून खाली डोह खणला जातो, तो फूट दरवर्षी वाढतो आणि मासा तिथं डोकं आपटत राहतो. पाइपांऐवजी चौकोनी मोरी घाला. तिचा तळ पात्राच्या तळाखाली फूटभर बुडवा, म्हणजे आत वाळू-गोटे आपोआप बसतील. रुंदी पात्राएवढी तरी हवीच, आणि मोठ्या रस्त्याखाली एका बाजूला दीड-दोन मीटरचा कोरडा काठ सोडला तर उन्हाळ्यात माणसंही खालून जातील. डोक्यावर अडीच मीटर उंची लागेल. ती मिळत नसेल तर हट्ट सोडा, वरून उंचवट्याचं क्रॉसिंग करा. पायवाटेपुरता ओलांडा असेल तिथं मोरी नकोच, साकव म्हणजे छोटा पूल घाला. मध्ये खांब न घेता एका दमात पलीकडे. साकवाचे कठडे काढता येतील असे ठेवा. पुरात झाडाचं खोड कठड्याला अडकलं की कठड्याबरोबर साकवही जातो.

वाट पुराच्या वर बांधायचा मोह टाळा. भराव घातला की पात्र आवळतं, वेग वाढतो आणि समोरचा काठ कापला जातो. दरवर्षी एक-दोनदा पाण्याखाली जाईल अशीच वाट ठेवा, फक्त तिच्यातून बाहेर पडायला दर चार-पाचशे मीटरवर वर चढणारी पाखाडी (पायऱ्यांची वाट) हवी. या पाखाड्या हेच आपल्या जाळ्याचे आडवे धागे. वाडी, शाळा, देऊळ, एसटीचा थांबा यांना त्या आधीच जोडतात. पुष्कळशा फक्त दुरुस्त करायच्या आहेत. मुख्य वाट तीन मीटर रुंद, चढ 20 ला एक, आडवा उतार दोन टक्के, पाण्याच्या बाजूला. पृष्ठभाग खडबडीत घडवलेल्या चिऱ्याचा. गुळगुळीत पेव्हरवर जुलैत शेवाळ धरतं आणि मग ती वाट कोणी वापरत नाही. काठ धरायला करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज, खाऱ्या वाऱ्यात उंडी आणि भेंड. ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर वाढते म्हणून लावू नका. गॅबियन, म्हणजे दगड भरलेली तारेची जाळी, लागलंच तर पीव्हीसी चढवलेल्या तारेचं. साधी तार खाऱ्या पाण्यात काही वर्षांत गंजून फाटते आणि दगड पात्रात येतात.

खाडीच्या टोकाला नियम बदलतात. तिथं पाणी दोन्हीकडून येतं. उधाणाची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की खारबांधाची उघाडी (पाणी बाहेर सोडायचं झडपेचं दार) बंद राहते आणि आतलं पाणी आतच चढतं. वाट बांधावरून न्यायची असेल तर उघाडीची झडप आधी तपासा: ओहोटीला हातानं ढकलली तर ती सहज हलली पाहिजे, भरतीला चिकटून बसली पाहिजे. कडेला दगड अडकला की खारं पाणी खाचरात शिरतं आणि दोष वाटेवर येतो. पाहणीची वेळ साधायला कोळ्यांचा हिशेब पुरतो: तिथीला पाऊणनं गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. बांधकामासाठी मात्र भरती-ओहोटीचं छापील कोष्टकच वापरा.

अमेरिकन उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडनं बॉस्टनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बॅक बे फेन्स हे उद्यान आखलं ते असंच, भरतीच्या पाण्यातली दलदल धरून. 1910 मध्ये चार्ल्स नदीवर बंधारा झाला, पाणी गोडं झालं आणि खाऱ्या पाण्याची सगळी लागवड गेली. आपल्याकडे उघाडीची पातळी बदलताना हे ध्यानात ठेवावं. कांदळवनाबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे: कांदळवन आणि त्याभोवतीचे 50 मीटर मोकळे ठेवायचे. तेव्हा वाट त्या पट्ट्याच्या बाहेरून घ्या. आतली पाहणीची फळीवाट ही वेगळ्या परवानगीची गोष्ट, ती जाळ्यात धरूच नका, नाहीतर तिच्यासाठी सगळा आराखडा अडकून पडेल.

सांडपाण्याचं थोडक्यात. बहुतेक गावांत गटार योजना नाही, सेप्टिक टँकचं पाणी पऱ्यात येतं. शोषखड्डा हाही जांभ्यात धोक्याचा, सच्छिद्र दगडातून घाण विहिरीत उतरते. ज्या शाखेवर हे पाणी अडवलेलं नाही, त्या शाखेवर वाटेचा पैसा घालू नका. वास येणारी वाट वर्षभरात ओस पडते.

राहिली जमीन. विकास आराखड्यात आरक्षण टाकलं म्हणजे जागा मिळाली असं होत नाही. 1966 च्या नगररचना कायद्यानं 10 वर्षांत संपादन झालं नाही तर मालक खरेदी-सूचना देऊन आरक्षण रद्द करवून घेऊ शकतो. म्हणून आरक्षण फक्त मोऱ्यांच्या तोंडाशी आणि अरुंद जागी टाका, बाकी ठिकाणी वहिवाटीचा करार करा. सातबारावर दहा-वीस सामाईक नावं, त्यातली निम्मी मुंबईत. सह्यांची बैठक गणपतीत लावा, सगळे घरी असतात. मालकाची भीती वाटसरूंची नसते, आंबा-काजूच्या चोरीची असते. करारातच लिहा: बागेच्या बाजूला चार फुटांचा गडगा (दगडी कुंपण) आपण बांधून देऊ, आणि आंब्याच्या दोन महिन्यांत तेवढा तुकडा सूर्यास्तानंतर बंद.

आणि देखभालीची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात. 15 मेपर्यंत प्रत्येक मोरीतला गाळ बाहेर, आणि तो काठावर न ठेवता उचलून नेलेला. काठावरचा ढीग पहिल्याच सरीत परत पात्रात जातो. प्रत्येक मोरीला क्रमांक आणि तिच्या नावापुढे एका माणसाचा फोन नंबर. ग्रामपंचायती तीन-चार असतील तर सगळ्यांची एकच यादी ठेवा, कारण वरच्या गावानं साफ केलेला कचरा खालच्या गावाच्या मोरीत अडकतो.